गुरुजींनी पळायचं नाही

सावरदरा (सेनगावजवळ)
१३ जून १९७६

चतुराक्का, तुला आणि दाजींना जयभीम.

पत्र हातात आलं की आधी खाली बस. तू उभ्यानं वाचशील आणि अर्ध्यातच रडायला लागशील, म्हणून सांगतो.

मागच्या आठवड्यात परभणीला जाऊन आलो. शालूला सांगितलं, शाळेच्या कामाला चाललो. खरं म्हणजे दोन महिन्यांपासून विहिरीतून दोन घागरी ओढल्या की डाव्या खांद्यात दुखतं आणि घाम फुटतो. डॉक्टरनं दंडाला पट्टा बांधून फुगवला आणि माझ्याकडं न बघताच विचारलं, "वडील कशानं गेले?" म्हणालो, छातीत कळ येऊन. "किती वर्षांचे होते?" बेचाळीस. "भाऊ?" खोटं बोलावं असं मनात आलं होतं, पण तोंडातून खरंच निघालं. रामजीदादा, तोही बेचाळीस. डॉक्टरनं पेन खाली ठेवला. "आणि तुम्ही?" म्हणालो, येत्या डिसेंबरात बेचाळीस.

चिठ्ठीत लिहिलंय, बीपी फार वाढलंय, वजन वीस किलो कमी करा, मीठ कमी खा, रोज पायी चाला. वजन मी सेनगावच्या बाजारात अडत्याच्या काट्यावर करून घेतलं. चौऱ्याण्णव भरलं. हमाल म्हणाला, "गुरुजी, ज्वारीच्या पोत्याला सहाच किलो कमी पडलात." सगळे हसले, मीपण हसलो. घरी येऊन तोंड धुण्याच्या निमित्तानं मोरीत बसून रडलो. शालूला अजून काही ठाऊक नाही.

आमच्या गावात नेमसिंग म्हणून आहे, फौजेतून हवालदार होऊन आलेला. पन्नाशीचा गडी, पोट पाठीला लागलेलं. त्याला चिठ्ठी दाखवली तर म्हणाला, "चलने से क्या होता है गुरुजी? माझी म्हैस रोज तीन कोस चालून राहिली, कुठं वाळली? दौडो!" त्याच्या मतानं चालून वर्ष लागेल आणि पळून चार महिन्यांत काम होईल. माझ्याकडं सहाच महिने आहेत आक्का. तूच सांग, चालू का पळू?

तुझा
शेषराव


हट्टा
२२ जून १९७६

शेषा,

बस म्हणलास तरी उभ्यानंच वाचलं. चुलीवरची भाकर करपली, मंग बसले.

पळायचं न्हाई. आधी हे वाच, बाकीचं मागून वाच. तू रामजीदादाला पळताना पाहिलं न्हाईस. तू आलास तवा त्याला आंघोळ घालून ठेवलं व्हतं. मी सोडायला गेल्ते म्हणून मी पाहिलं. गाडी सुटली, हा पानाच्या दुकानापसून पळाला. पन्नास पावलं बी नसतील रे! पायरीवर पाय ठिवला, दांडी धरली, माझ्याकडं पाहून हासला आन् तसाच मागं पडला. पिशवीतले बोरं सगळ्या स्टँडावर पांगले. मला अजून त्या स्टँडावर जाववत न्हाई, बाजाराला मागच्या गल्लीनं जाते.

त्या नेमसिंगाला सांग, म्हैस वाळत न्हाई कारण ती घरी आल्यावर टोपलंभर सरकी खाती. तू बी तेच करून राहिलास. लेकरांच्या ताटातलं उरलेलं कोण खातं, मला ठावं न्हाई का? शालूला सांगून टाक. बायकोपसून लपवून कोणाचं बीपी उतरलं?

चाल. लेकरू चालतं तसं चाल, म्हातारं चालतं तसं चाल, पण चाल. वरीस लागलं तर लागू दे. आप्पा गेले, दादा गेला, मला आता एकच भाऊ हाय. तुला दादाची शपथ.

चतुरा


सावरदरा
२५ जुलै १९७६

आक्का, जयभीम.

शपथ घातलीस, मग मी काय बोलणार? रोज सकाळी चालतो. गावापासून ओढा ओलांडून सडकेच्या बाभळीपर्यंत आणि परत, अशा दोन फेऱ्या, मिळून दोन मैल. पहिले आठ दिवस लोकांनी हैराण केलं. "गुरुजी, काय हरवलं?" "गुरुजी, कोणाकडं चालले?" म्हणालो, कुठं नाही, नुसताच चालून राहिलो. तर गावातली म्हातारी गोजरबाई म्हणते, "नुसतं कोणी चालतं का माय? घरात भांडण झालं असंल." दुसऱ्या दिवशी तिनं शालूची समजूत काढली. त्यातच शालूला सगळं कळलं. आता ती वरण बिनमिठाचं करते.

महिन्याभरानं काट्यावर उभा राहिलो. ब्याण्णव भरलं. दोन किलो! या चालीनं डिसेंबरात कुठं पोचेन ते तू बोटांवर मोज. मी मोजलं आणि मग जेवलो नाही.

शाळेची दुसरीच तकलीफ आहे. वरून कागद आलाय, तीन लेकरं झालेल्या माणसांची यादी करा आणि नसबंदीला माणसं आणा. मी कागद पेटीत ठेवलाय. गावाला मात्र कागद आल्याचं कळलंय, पोस्टमननं सांगितलं. माणसं माझ्याशी बोलताना माझ्या खिशाकडं बघतात.

बाकी ठीक. बाजारातून कॅनव्हासचे बूट घेतले. तू काळजी करू नकोस.

शेषराव


हट्टा
८ ऑगस्ट १९७६

शेषा,

बूट काहून घेतलेस? चप्पल घालून दोन मैल जाता येत न्हाई व्हय? आपले आप्पा अनवाणी औंढ्याला जाऊन येत व्हते. बूट पळणारे घालतात. खरं लिही, तू पळून राहिलास का? खोटं लिहिलंस तर मला अक्षरावरून कळतं. भीती वाटली की तुझे उकार लांब व्हतात.

इकडं बी लई भ्या हाय. आठ दिवसांपाठी जीप आल्ती. शेजारच्या आळीतल्या दोघांना धरून नेलं. कोणी म्हणतं, त्यातला एक परत आल्यापसून उठलाच न्हाई. खरं का खोटं, देव जाणे. तुझे दाजी दिसभर शेतातच ऱ्हातात. दुरून धुरळा दिसला की मी चूल सोडून दारात येते, मंग कळतं की बैलगाडी हाय.

तुझ्या त्या यादीत कोणाचं नाव लिहू नकोस. त्यांच्या बायका बी माझ्यासारख्याच धुरळा पाहत बसल्या असतील.

चतुरा


सावरदरा
१९ सप्टेंबर १९७६

आक्का,

उकारांकडं बघू नकोस, सगळं कबूल करतो. मी पळत होतो. ऑगस्टच्या शेवटापासून तीन आठवडे, ओढ्याच्या पलीकडं, कोणी नसेल तिथं. आधी बाभळीपासून बाभळीपर्यंत पळायचो, मग अर्धा मैल. नेमसिंग उभा राहून मोजायचा. खरं सांगतो, वजन उतरलं. शहाऐंशी भरलं. दोन महिने चालून जे झालं नाही ते तीन आठवड्यांत झालं. पण उजवा गुडघा सुजला, आणि आडवा झालो की छाती इतकी वाजायची, की शालूला ऐकू जाईल म्हणून कूस बदलायचो. चालत होतो तेव्हा असं एकदाही झालं नव्हतं. रोज वाटायचं, तुला लिहावं, पण धाडस होत नव्हतं.

आता जे झालं ते ऐक. मंगळवारी पळून परत येताना तातेराव सरपंचांचं कुत्रं मागं लागलं. मी ओढ्यातून तसाच पळत गावात शिरलो. गावकुसाला माणसं टमरेल घेऊन बसलेली. त्यांनी पाहिलं, कागद आलेला मास्तर जीव घेऊन पळून राहिला. एकानं विचारलंसुद्धा नाही! टमरेलं तिथंच टाकली आणि सगळे ज्वारीत शिरले. त्यांना पाहून पारावरचे पळाले, पारावरच्यांना पाहून गोठ्यातले. मी मागं पळत ओरडलो, "अहो थांबा, काही नाही!" तर ते आणखी जोरात पळायला लागले. त्यांना वाटलं, मी धरायलाच आलोय. आमचा शूर हवालदार दुपारी लिंबाच्या झाडावर सापडला.

तुला हसू आलं असेल. मलाही पहिल्यांदा आलं. पण त्या पळापळीत गोजरबाई पडली आणि तिचं मनगट मोडलं. आणि तातेरावांचा एक गडी संध्याकाळपर्यंत आलाच नाही. सगळ्यांना वाटलं, विहिरीत पडला. तो दोन कोसांवर कपाशीत पालथा पडून होता, ऊठ म्हटलं तरी उठेना. त्याचे डोळे मी पाहिले आक्का. तेव्हापासून मला हसू येत नाही.

पारावर बैठक बसली. मला उभं केलं. तातेराव म्हणाले, "गुरुजी, तुमी आजपसून पळायचं न्हाई. चालायचं तेवढं चाला. तुमी पळले तर आमी गाडी आली असं धरू." मग म्हणाले, "आन् खरंच आली, तर मातर पळा." सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली.

शेषराव


हट्टा
२८ सप्टेंबर १९७६

शेषा,

दादाची शपथ मोडलीस. मी चार दिस तुझ्यावर जळून राहिले, म्हणून पत्राला उशीर.

गावानं बंदी घातली हे लई बेस झालं. जे बहिणीच्या रडण्यानं झालं न्हाई ते कुत्र्यानं केलं. तातेरावाला माझा नमस्कार सांग, आन् गोजरबाईला हळद-गूळ लावून बांधाया सांग.

पण ते शेवटचं काय लिहिलंस? गाडी आली तर पळा! सगळ्या गावात तुलाच पाय हायेत का? तो हवालदार काय कामाचा? तुझं काळीज कसं हाय ते त्यांना ठावं न्हाई, तुला ठावं हाय. मान हलवताना लाज न्हाई वाटली? गाडी आली तरी तू चालत ये. लोकं पाहून घेतील आपापलं. मी पापी म्हण, काय बी म्हण. मला भाऊ पाहिजे.

चतुरा


हट्टा
२४ नोव्हेंबर १९७६

शेषा,

दोन पत्रं टाकली, एकाचं बी उत्तर न्हाई. काल सेनगावकडचा एक कापूसवाला आल्ता, म्हणला तिकडं एका मास्तरला जीपमधी घालून नेलं. नाव ठावं न्हाई म्हणला. अंगानं भारी व्हता का म्हणून विचारलं, तर म्हणला, असंल. मी अन्न गिळून न्हाई राहिले. तू चाललास का पळालास, एवढंच लिही. कोणाच्या बी हातानं लिही.

चतुरा


सावरदरा
१ डिसेंबर १९७६

आक्का,

माझ्याच हातानं लिहितोय. जिवंत आहे. नेलेला मास्तर मीच होतो. पारावर मान हलवली होती आणि तुला नाही म्हणायचं धाडस नव्हतं, म्हणून आधीच्या पत्रांना उत्तर टाळलं; त्यानंतरचे आठ दिवस अंथरुणातच गेले.

त्या सकाळी मी बाभळीपाशी पोचलो होतो, चालत. समोरून जीप आली, मागं ट्रक. साहेब, एक कारकून, चार शिपाई. साहेबानं विचारलं, "गुरुजी ना? बसा, घरं दाखवायला चला." खिशात डॉक्टरची चिठ्ठी होती, ती काढून दिली. रोज पायी चालणे. म्हणालो, साहेब, गाडीत बसायला मनाई आहे, मी चालतच येतो. तो हसला. "चाला, चाला."

पावसाळ्यात ओढ्यावरची फरशी वाहून गेली, तेव्हापासून गाड्यांना तलावाच्या बांधावरून दोन मैलांचा वळसा पडतो. पायवाट ओढ्यातून, अर्धा मैल. ट्रक बाभळींआड जाईपर्यंत मी चाललो. मग उभा राहिलो. आक्का, तुझं पत्र मला तोंडपाठ होतं. गाडी आली तरी तू चालत ये. मी मोठ्यानं म्हणालोसुद्धा, चालत जा शेषराव, चालत जा. मला मरायचं नव्हतं. कपाशीत पालथा पडलेला तो गडी डोळ्यापुढं आला, आणि मी पळालो.

ओढ्यात एक बूट रुतला, तिथंच सोडला. चढावर डावा खांदा दुखायला लागला, मग हात, मग जबडा. वाटलं, झालं, हेच ते. ओरडायला दम नव्हता, पण ओरडावं लागलंच नाही. गावकुसाच्या माणसांनी मला पाहिलं आणि उठली. या वेळी कोणी गडबड केली नाही. मी शाळेच्या पायरीपर्यंत पोचलो तोवर गावात एक पुरुष उरला नव्हता. सगळे तुरीत आणि कपाशीत. मलाही जायचं होतं, पण पाय उचलेनात.

जीप आली. साहेबानं रिकामं गाव पाहिलं, मग मला पाहिलं, मग माझा अनवाणी पाय. "तुम्ही तर चालत होता." म्हणालो, पायवाट जवळची आहे साहेब. "लेकरं किती?" तीन. "मग रिकामं कशाला जायचं? घ्या याला." शालू जीपपुढं आडवी झाली. दोघांनी तिला बाजूला केलं. लेकरं शाळेच्या दारात उभी राहून बघत होती.

पाच मैलांवर नसबंदीचा तंबू होता. तिथला डॉक्टर तरुण होता. पट्टा बांधला आणि दचकला. म्हणाला, आत्ता घेता येणार नाही, बसवून ठेवा, उतरलं की बघू. मला बाकावर बसवलं. पाच महिने बीपी उतरावं म्हणून मी चाललो, आणि त्या बाकावर ते उतरू नये म्हणून धावा करत होतो! तासाभरानं पाहिलं, थोडं उतरलं होतं. साहेब म्हणाला, आणखी अर्धा तास. मी दादाचा शेवटचा चेहरा आठवत बसलो, म्हणजे भीती कमी होणार नाही.

मग फाटकापाशी शिपाई गोळा झाले. सडकेवर माणसं दिसत होती. दोन-दोनची रांग. पुढं तातेराव, त्यांच्या बाजूला नेमसिंग, फौजेचा कोट घालून. मागं आमचं गाव. ज्यांना धरायला ट्रक नेला होता ते सगळे, बासष्ट जण, आपल्या पायांनी त्या तंबूकडं येत होते. ते तुरीतून बाहेर आल्यावर शालूनं त्यांना सांगितलं होतं, की माझे मालक तुमच्यापायी गेले. नंतर कळलं, नेमसिंगनं रस्त्यात एकच हुकूम दिला होता: कोई दौडेगा नहीं. दौडे तो पकडेंगे.

तातेराव फाटकात उभे राहिले. "साहेब, आमचे गुरुजी न्याया आलो." साहेब म्हणाला, "बरं झालं, सगळेच आलात. बसा रांगेत." कोणी बसलं नाही आणि कोणी हललंही नाही. कपाशीतला तो गडी पहिल्या ओळीत होता, धोतर लटलट हलत होतं, पण उभा होता. शिपाई चारच होते. साहेब एकदा त्यांच्याकडं बघायचा, एकदा माणसांकडं. तेवढ्यात डॉक्टरनं पुन्हा पट्टा बांधला. आकडा मला सांगितला नाही. मोठ्यानं म्हणाला, "हा माणूस टेबलावर मरेल. मी सही करणार नाही." मग हळूच माझ्या कानापाशी, "गुरुजी, आज पळालात ना? पुन्हा पळू नका."

साहेबानं हात हलवला. मी बाहेर आलो.

परतीचे पाच मैल पायी होते. बैलगाडी मिळाली नाही. मला दर फर्लांगाला थांबावं लागे, तेव्हा सगळे थांबत. मग माझ्या चालीनं पुन्हा निघत. अर्ध्या वाटेत मागून जीप आली, हॉर्न वाजवत. चार महिने धुरळ्याला भिऊन पळणारी माणसं ती. मला वाटलं, आता पांगतील. ती सडकेच्या कडेला झाली आणि चालतच राहिली. एकही तुरीत शिरला नाही.

घराशी आलो तेव्हा ऊन उतरलं होतं. शालू दारातच बसली होती. मला पाहून उठली. तातेराव म्हणाले, "बाई, पाणी द्या." तिला वाटलं, चुकून म्हणाले. आक्का, सात वर्षं मी या गावात मास्तर आहे. तातेराव आमच्या दाराशी पुष्कळदा आलेत, पण पाणी कधी मागितलेलं नाही. तिनं भीतभीत तांब्या पुढं केला. ते प्यायले आणि तांब्या मागच्याच्या हातात दिला. बासष्ट जणांत घरातल्या तिन्ही घागरी संपल्या.

पाणी संपलं म्हणून मी सवयीनं घागर उचलून विहिरीकडं निघालो. तातेरावांनी ती माझ्या हातातून काढून घेतली. "तुमी बसा," म्हणाले, आणि स्वतः भरून आणायला गेले.

तुझा
शेषराव